तीन उदबत्त्या

चीनच्या दक्षिणेस ग्वांगशी नावाचा स्वायत्त प्रदेश आहे. तेथील ग्वेलिन शहरातील एका महाविद्यालयात, महागुरुस्वामींच्या अनुज्ञेने, आम्ही २००८ च्या सप्टेंबरपासून वर्षभर इंग्रजी शिकवीत होतो. धर्मप्रचार करावयाचा नाही, या कलमाखाली आम्ही सही केली होती आणि ती पाळीतही होतो. पहाटे खोलीचे दार लावून एकट्यानेच मिस्साबलिदान अर्पण करावे आणि आठ वाजता खडू हाती घ्यावा, असा आमचा नेम होता. विद्यार्थी आम्हांला ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, म्हणत. लग्न का केले नाही, या प्रश्नाला आम्ही हसून बगल देत असू.

एप्रिलच्या आरंभी छिंगमिंग हा सण येतो. पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करण्याचा हा दिवस. २००८ पासून चीन सरकारने त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी देण्यास सुरुवात केली. २००९ साली तो ४ एप्रिलला, शनिवारी आला. वर्गातील एका विद्यार्थिनीने आपल्या गावी सहलीला येण्याचा आग्रह धरला. अकरा मुलेमुली आणि आम्ही, असे सकाळच्या बसने यांगशुओच्या दिशेने निघालो.

तो प्रदेश ज्याने पाहिला नाही, त्याने चीनची वीस युआनची नोट पाहावी. तिच्या पाठीवर ली नदीचेच चित्र आहे. सपाट भातखाचरांतून चुनखडीचे डोंगर एकदम ताठ उभे राहिलेले, जणू कोणी पोत्यातून सांडून ठेवले आहेत. पाऊस झिमझिमत होता. लावणीसाठी नांगरलेल्या शेतांत पाणी साचले होते आणि त्यात त्या डोंगरांची उलटी प्रतिबिंबे पडली होती. एका बांधावर म्हैस उभी होती. वसईच्या आमच्या लहानपणातील पावसाळा कोणी तेथे नेऊन ठेवला आहे, असे क्षणभर वाटले.

त्या मुलीचे आईवडील ग्वांगडोंगमधील कारखान्यात कामाला होते. वर्षातून एकदा, नववर्षाला, ते घरी येत. मुलीला वाढविले ते आजीने. त्या पिढीतील कितीतरी मुलांची हीच कहाणी होती. आजी आदल्या वर्षी वारली. तिचे थडगे गावामागच्या टेकडीवर होते. चिखलाची पायवाट चढून आम्ही तेथे पोहोचलो. मुलांनी कोयता-कुदळीने वर्षभराचे गवत काढले, माती सारखी केली. तिने टोपलीतून उकडलेली कोंबडी, दारूचा लहानसा पेला आणि तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे काढून मांडले. दवण्याच्या जातीच्या एका सुगंधी पाल्याने त्यांना तो रंग येतो. कागदी नोटा जाळल्या, फटाके लागले. मग तिने उदबत्त्या पेटविल्या, एकेकाला तीन तीन दिल्या आणि तशाच तीन उदबत्त्या आमच्यापुढे धरल्या.

आमचा हात पुढे झाला नाही.

वास्तविक या प्रश्नावर पुण्याच्या सेमिनरीत आम्ही निबंध लिहिला होता. गोव्यात काही काळ राहिलेले आणि १५८० साली कोचीनला गुरुदीक्षा मिळालेले येशूसंघीय फादर मात्तेओ रिची १५८३ पासून १६१० साली बीजिंगमध्ये मृत्यू येईपर्यंत चीनमध्ये वावरले. पूर्वजांना दिलेला हा मान म्हणजे मूर्तिपूजा नव्हे, ही लेकरांची कृतज्ञता आहे, असे त्यांचे मत होते. पुढे वाद माजला. पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७१५ साली आणि पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ साली हे विधी ख्रिस्ती लोकांस निषिद्ध ठरविले. संतापलेल्या कांगशी सम्राटाने १७२१ साली मिशनकार्यावर बंदी घातली. अखेर डिसेंबर १९३९ मध्ये, पोप बारावे पायस यांच्या काळात, रोमने ही मनाई उठविली. हे सारे आम्हांस तारखांसह पाठ होते. परंतु डोक्यात होते ते हातापर्यंत पोहोचले नाही. मुले पाहत आहेत, कोणी छायाचित्र काढील, ते गावाकडे पोहोचेल, लोक काय म्हणतील, असे क्षुद्र विचारच मनात आधी आले.

मुलगी रागावली नाही. तिने हात मागे घेतला, त्या तीनही उदबत्त्या स्वतःच्या उदबत्त्यांत मिसळल्या आणि थडग्याकडे वळून स्थानिक बोलीत काहीतरी पुटपुटली. मुले हसली. टेकडी उतरताना आम्ही एका विद्यार्थ्याला विचारले, ती काय म्हणाली? तो संकोचत म्हणाला, “ती आजीला म्हणाली, हे माझे गुरुजी. परदेशी आहेत, त्यांना आपली रीत ठाऊक नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

आम्ही जागीच थांबलो. आम्हांला रीत ठाऊक होती. आणि ती मुलगी आपल्या मेलेल्या आजीपाशी आमची बाजू सावरून घेत होती.

आमची आई २००६ साली प्रभूघरी गेली. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, गावच्या दफनभूमीत घरोघरची माणसे थडगी धुतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. २००८ च्या त्या दिवशी आम्ही ग्वेलिनला होतो. ते त्या मुलीला सांगितले. आईच्या थडग्यावर आमच्या हातची मेणबत्ती त्या वर्षी लागली नाही, एवढेच. हा धर्मप्रचार होता की नव्हता, याचा विचार त्या वेळी सुचला नाही.

तिने विचारले, “मग त्या दिवशी तुम्ही काय केलेत, लाओशी?”

“वर्गावर गेलो,” आम्ही म्हणालो.

ती काही बोलली नाही. टोपली चाचपून पाहिली, तिच्यात उदबत्त्या उरल्या होत्या. आम्ही तिच्याकडून तीन मागून घेतल्या आणि दोघे पुन्हा टेकडी चढलो. इतरांना खालीच थांबविले. ओल्या मातीत उदबत्त्या रोवून तिने केले तसे आम्ही तीनदा वाकलो. पहिल्यांदा तिच्या आजीसाठी, दुसऱ्यांदा आमच्या आईसाठी. तिसऱ्यांदा मनात काहीच शब्द नव्हते. मग मनातल्या मनात मराठीत ‘आमच्या बापा’ म्हटले.

परतीच्या बसमध्ये मुले गाणी म्हणत होती. आमच्या बुटांना टेकडीचा तांबूस चिखल चिकटला होता आणि हातांना उदबत्तीचा वास येत होता. रविवारी पहाटे बंद दाराआड मिस्सा अर्पण करताना मृतांच्या स्मरणाची जागा आली, तेव्हा आईच्या नावाशेजारी एका म्हातारीची आठवण केली. तिचे नाव आम्ही विचारलेच नव्हते. आता दरवर्षी २ नोव्हेंबरला दफनभूमी आशीर्वादित करताना आम्ही एक मेणबत्ती जास्त लावतो. कोणाची म्हणून लोक विचारतात. एका विद्यार्थिनीच्या आजीची, असे आम्ही सांगतो.