वरंध्याच्या वाटेवर एक मुक्काम



सायकल आपल्या माणसांना नवी नाही. मिलच्या पाळीला, कंपनीत, क्लासला, विहारातल्या बैठकीला आपण तिच्यावरूनच गेलो. मागच्या कॅरिअरवर गहू दळून आणले आणि पुढच्या दांडीवर पोरे बसवून शाळेत सोडली. पण काही काम नसताना, निव्वळ हौस म्हणून सव्वाशे किलोमीटर सायकल मारायची म्हटले की घरचे माणूस कपाळाला हात लावते. आमच्याही मुलांच्या आईने लावला. "गुडघे दुखतात म्हणून विहाराच्या पायऱ्या धरून चढता, आणि घाट चढणार?" तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

डिसेंबर २०२२ मधली ही गोष्ट. रविवारला जोडून दोन किरकोळ रजा टाकल्या आणि आमच्या भाच्याला घेऊन आम्ही पुण्याहून भोर, वरंधा घाट या मार्गाने महाडला निघालो. भाचा कॉलेजात, आमच्यासारखाच कॉमर्सवाला. त्याची सायकल गिअरची, जुन्या बाजारातून घेतलेली. आमची काळी, दांडीची, डायनामोवाली, वडिलांच्या हाताखालची. रात्र कुठे काढायची याचा विचार भाच्याने केला होता. जगभरच्या सायकलवाल्यांची 'वॉर्म शॉवर्स' नावाची एक मंडळी आहे म्हणे. त्यात नाव घातले की परगावचा सायकलस्वार तुमच्या घरी उतरतो, तुम्ही त्याच्या. पैसे नाहीत, अंथरूण आणि अंघोळीला गरम पाणी. नावच त्यावरून. आम्ही त्यात नाव घातले नव्हते. पोचू तिथे विचारू, असा आमचा बेत. बेत सोपा वाटला, कारण विचारण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता.

विचारायचे नाही, हे आमच्या अंगात मुरलेले आहे. आमचे वडील प्रवासाला निघाले की आधी पाण्याचा तांब्या भरायचे. वाटेत कुणाच्या दारी पाणी मागायचे नाही, हा त्यांचा दंडक. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आम्ही दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या कॅरिअरला बांधल्या तेव्हा भाचा हसला. "मामा, टपरीटपरीवर पाणी विकत मिळतं आता." आम्ही बाटल्या सोडल्या नाहीत.

पहाटे पाचला निघालो. कात्रजचा जुना घाट अर्धा चालवत, अर्धा ढकलत चढलो. बोगद्यापलीकडे थंडी अशी की बोटे ब्रेकवर वळेनात. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर मोटारींची रांग लागलेली. सायकलला टोल नाही, आम्ही कडेने ऐटीत निघालो. कापूरहोळला महामार्ग सोडला आणि उजवीकडे भोरचा रस्ता धरला. मग जरा जिवात जीव आला, कारण महामार्गावरचे ट्रक सायकलवाल्याला मोजत नाहीत. भोरच्या खानावळीत जेवलो. इकडे भाताची कापणी होऊन गेली होती. खाचरांत नुसते बुडखे, खळ्यावर मळणी आणि सगळ्या हवेत पेंढ्याचा वास. भोरच्या पुढे रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वळत जातो. इतके पाणी, आणि इतके निळे! भाचा दर वळणावर फोटो काढायला थांबू लागला.

उशीर त्याच्या फोटोंनी झाला असे आम्ही म्हणतो, तो म्हणतो तुमच्या गुडघ्यांनी. खरे कारण चेन. चढावर त्याच्या सायकलची चेन तुटली. चेन जोडायचे हत्यार आमच्याकडे नव्हते. पंक्चरचे सोल्यूशन, ठिगळे, पाना, पंप सगळे होते, तेवढेच नव्हते. दगडावर दगड ठेवून पिन ठोकण्यात दीड तास गेला. कशीबशी बसली, पण दर शंभर पावलांना कटकट वाजे. सूर्य डोंगराआड गेला. पुढे घाट, रस्त्यावर दिवा नाही. तेव्हा रस्त्याकडेच्या एका घराशी थांबलो. गावाचे नाव आम्ही येथे देत नाही.

अंगणात एक आजी आणि तिचा चाळिशीचा मुलगा भाताची पोती शिवत होते. आम्ही सगळे सांगितले आणि पडवीत रात्रीपुरती जागा मिळेल का म्हणून विचारले. मुलगा चांगला बोलला. "पडवीत कशाला पाव्हणं, थंडी लई. आत माजघरात झोपा." मग सहज विचारावे तसे त्याने विचारले, "आडनाव काय?"

आमचे आडनाव ऐकल्यावर महाराष्ट्रात पुढचा प्रश्न लागत नाही. भाच्याचे तसे नाही. त्याचे आडनाव मराठ्यांत आहे तसे आपल्यातही आहे. आम्ही तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःचे आडनाव सांगितले. ते खोटे नव्हते. मुलाने मान हलवली, आजी आत गेली आणि माठातल्या पाण्याचे दोन पेले घेऊन आली. भाच्याने पेला घेतला आणि घटाघटा प्यायला.

आमच्या हातात पेला तसाच राहिला. बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या, घसा कोरडा होता. पण डोळ्यांपुढे वडिलांचा तांब्या. शेवटी म्हणालो, "आजी, आम्ही बौद्ध आहोत. जयभीमवाले."

मुलाची सुई पोत्यात थांबली. आजीने आमच्याकडे पाहिले, भाच्याकडे पाहिले. म्हणाली, "बरं. पानी प्या आधी."

आम्ही प्यालो.

नंतर मुलगा फारसे बोलला नाही. वाईटही बोलला नाही. जेवणाला तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, नव्या तांदळाचा भात आणि लसणाची चटणी. पोटभर जेवलो. ताट धुवायला उठलो तर आजीने हातातून ओढून घेतले, "पाव्हण्यानं ताट धुवायचं नसतं." पण अंथरूण पाहिले तर पडवीत. माजघरात भाताची पोती रचायची आहेत, असे मुलाने सांगितले. पोती होती हे खरेच. दोन गोधड्या होत्या, आणि आजीने पायथ्याशी निखाऱ्याची पाटी आणून ठेवली.

अंधारात भाचा हळूच म्हणाला, "मामा, मी खोटं बोललो का?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला सांगितलंत? आत झोपलो असतो."

त्याला आम्ही बाबासाहेबांची हकिकत सांगितली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणी १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकेच्या रूपात छापल्या. ज्यांच्या घरी असेल त्यांनी मुलांना वाचायला द्यावी. १९०१ साली लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा मसूर स्टेशनावर उतरले, वडिलांकडे जायला. जात कळल्यावर कोणी बैलगाडी देईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक गाडी मिळाली, तीही पोरांनी स्वतः हाकायची. शिदोरी होती, पण पाणी नाही. टोलनाक्यावर रात्री पोचले तेव्हा आपण मुसलमान आहोत असे सांगा, म्हणजे पाणी मिळेल, अशी अक्कल गाडीवानाने दिली. भीमरावाने उर्दूत पाणी मागून पाहिले. तरी मिळाले नाही. पोरे उपाशी झोपली.

"म्हणजे बाबासाहेबांनीसुद्धा लपवलं होतं," भाचा म्हणाला.

नऊ वर्षांचे पोर तहानेने कासावीस होते रे, असे आम्ही म्हणालो. पण त्याचे बोलणे मनाला लागून राहिले. त्या गाडीतही एक भाचाच होता. आम्ही रात्री खरे बोललो ते तत्त्वासाठी, की तो पेला घशाखाली उतरेना म्हणून? आणि आमच्या खरे बोलण्याची थंडी त्या पोराने का सोसावी? आम्ही आमची गोधडी त्याच्या अंगावर अर्धी टाकली. त्याने झोपेत ती पुरती ओढून घेतली.

सकाळी चहा आला तो कागदी कपांतून. मुलगा चिनी मातीच्या कपातून प्याला. भाच्याने आमच्याकडे असे पाहिले की बोलायची गरज नव्हती. पण आजीही आमच्याशेजारी ओट्यावर टेकून कागदी कपातूनच चहा पीत होती. रात्री स्टीलचे पेले, स्टीलची ताटे, सकाळी कागद. यावर भाच्याशी आमचा वाद आजही होतो. तो म्हणतो, मुलाने सांगितले असणार आणि म्हातारीने आपल्यासाठी तोही कप घेतला. आम्ही म्हणतो, लग्नाकार्यातले उरलेले कप असतील. खरे सांगायचे तर आम्हाला ठाऊक नाही. आमच्या वडिलांना हा प्रश्नच पडला नसता, एवढा फरक झाला हे खरे. आणि एका चहाच्या कपावरून आम्ही अजून डोके शिणवतो, हेही खरे.

निघताना पैसे काढले तर आजी रागावली. आत जाऊन तिने कापडी पिशवीत दोन-तीन किलो नवा तांदूळ आणला आणि कॅरिअरला स्वतः बांधला. "पिशवी तेवढी परत आना. माझ्या लेकीनं शिवलीय." मुलगा अंगणात उभा होता. सायकली रस्त्यावर काढल्यावर तो मागून आला, भाच्याच्या चेनची पिन त्याने हातोडीने दोन ठोके देऊन नीट बसवली आणि "घाटात ब्रेक जपून मारा" एवढे बोलून परत गेला.

वरंधा घाट उतरताना आमच्या ब्रेकचे रबर झिजून पत्रा लागला. माझेरी, बिरवाडी करीत दुपारी महाडला पोचलो. चवदार तळ्याचे वर्णन आम्ही करीत बसत नाही, वाचकांपैकी बहुतेकांनी ते पाहिले आहे. पायऱ्या उतरून भाच्याने ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा त्याने फोटो मात्र काढला नाही.

तांदूळ घरी चार दिवस पुरला. पिशवी धुऊन, घडी करून कपाटात ठेवलेली आहे. मुलांच्या आईचे म्हणणे, पिशवी रिकामी परत द्यायची नसते. तिने त्यात घालायला शेंगदाण्याचे लाडू करायचे कबूल केले आहे. भाचा म्हणतो, येत्या हिवाळ्यात जाऊ, पण या वेळी आडनाव तुम्ही सांगा.