बोपोडीचा राजा

पुण्याचे वर्णन करताना कोंबडीचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. आमच्या पेठांत तर हे नाव अजूनही आवाज जरा खाली आणूनच घेतात! पण डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वर हॅचरीजचा कारभार पुण्यातूनच चालतो, आणि सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रही इथेच, खडकीला आहे. तिथून जवळच, बोपोडीत, माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ अंगणात ऱ्होड आयलंड रेड जातीच्या कोंबड्या पाळतात. अमेरिकेतल्या त्या नावाच्या राज्याने १९५४ साली हिला राज्यपक्ष्याचा मान दिला.

बाजारातल्या संकरित कोंबडीची पिल्ले आईबापांच्या गुणाची निघत नाहीत. दर खेपेला नवी विकत आणावी लागतात. शुद्ध जातीचा वंश घरातच चालतो. मात्र नर पारखून घ्यावा लागतो. आठदहा कोंबड्यांमागे एकच नर, म्हणजे अंगणातल्या प्रत्येक पिल्लात निम्मा वाटा त्या एकाचा.

आश्विनात मी गेलो तेव्हा हीच पारख चालली होती. भाऊबहिणींचा संग नको म्हणून पाच नर बाहेरून, लहान असतानाच आणलेले. राहणार त्यांतला एक. काका एकेकाला उचलीत, छातीचे हाड सरळ आहे ना हे बोटांनी चाचपीत, पाय, नख्या, डोळे पाहत. मग दाणे टाकले. एक नर दाणा उचलून पुन्हा खाली टाकी आणि कुककुक करून तलंगांना बोलावी. तलंग म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली कोवळी कोंबडी. वीस वर्षे मराठी शिकवतो आहे, पण हा गोड शब्द वर्गात कधी भेटला नाही.

"हा ठेवायचा," काका म्हणाले. "जुना नर हलवून तीन आठवडे जाऊ द्यायचे, सर. तोवरच्या अंड्यांत त्याचाच अंश असायचा. मग खुडूक कोंबडीखाली अंडी, की एकविसाव्या दिवशी पिल्लं."

नातू मात्र 'राजा'ला घट्ट धरून उभा. पाचांत तोच देखणा. पण तुऱ्याच्या बाजूला एक इवलासा फाटा फुटलेला.

"आजोबा, एवढासाच तर आहे!"

"एवढासाच. पण पिल्लांत उतरतो रे."

"मग राजाचं काय?"

काकांनी राजाला त्याच्या हातून घेतले, वेगळ्या डालग्याखाली ठेवले आणि मला म्हणाले, "चला सर, चहा घेऊ."