सांगितलं कोणी?

इंदूरच्या आमच्या सुदामा नगरात शेअरचा भाव पूर्वी सायकलवरून यायचा. अंगणात 'नईदुनिया' पेपर पडला की वडील पहिलं पान बघेपर्यंत शेजारचे काका भावांचं पान मागून न्यायचे. चष्मा कपाळावर, डोळे कागदाला चिकटलेले आणि बोट ओळींवरून सरकत असे. आपला शेअर सापडला की लाल पेन्सिलीची खूण. भाव कालचा, पण पोहे-जिलेबीनंतर ओट्यावर रंगणारी चर्चा ताजी. कुणी 'टीप' आणली की पहिला प्रश्न ठरलेला: "सांगितलं कोणी?" सियागंजातला व्यापारी, बँकेतला मेहुणा, कुणाचं तरी नाव निघायचंच. टीप फसली तर तोच माणूस गणपतीच्या आरतीला समोर उभा! शिवाय विकायचं तर सर्टिफिकेट शोधा, ट्रान्सफर डीड भरा, सही जुळवा. तोवर अफवेतली हवा गेलेली असे.

तेव्हाही लोक बुडत होतेच. 23 एप्रिल 1992 ला पत्रकार सुचेता दलाल यांनी हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्याचं प्रकरण छापलं आणि ओट्यावरचे बरेच तज्ज्ञ गप्प झाले. पण आधी पेपर, मग चर्चा, हा क्रम सहसा मोडत नसे.

आता कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टीप येते ती 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का घेऊन. विचारायचं कुणाला? 28 सप्टेंबर 2018 ला व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या एका मजकुरानं इन्फिबीम कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे 70 टक्के कोसळला. पेपरात बातमी आली ती पडझडीची. मार्च 2022 मध्ये तर पाळी पतंजलीच्या ताब्यातल्या, आमच्या इंदूरच्या रुची सोयाची. एफपीओ, म्हणजे नव्या शेअरची विक्री, सुरू असताना 'पतंजली परिवारा'ला उद्देशून एसएमएस फिरला: शेअर बाजारभावापेक्षा 30 टक्के स्वस्त! मजकूर आमचा नव्हे, असं कंपनीनं सांगितलं. तरी बाजार नियामक सेबीनं गुंतवणूकदारांना अर्ज मागे घेण्याची मुभा द्यायला लावली, वर पेपरात सावधगिरीची जाहिरातही.

1 जून 2024 पासून आणखी एक नियम आला. अफवेनं भाव मोठा हलला तर बड्या 100 कंपन्यांनी 24 तासांत खरं-खोटं सांगायचं. डिसेंबरपासून 250 कंपन्यांनी. पण अफवा पेपरात, चॅनेलवर किंवा एखाद्या न्यूज पोर्टलवर आलेली हवी. नुसत्या ग्रुपवरच्या कुजबुजीला उत्तर द्यायला कंपनी बांधील नाही.