वसंतांतील गारा आणि वरचा वारा

भोर आणि वेल्हे (ज्यास आतां राजगड तालुका म्हणतात) या आमच्या मावळपट्ट्यांत वसंत म्हणजे मोठ्या विश्वासाचा ऋतु. गहूं-हरभरा काढणीस आलेला असतो, आंब्यांस कैऱ्या धरलेल्या असतात, आणि आकाशाकडे संशयानें पाहण्याचें कोणास कारण नसतें. वळीव यावयाचा तो वैशाखांत, दुपार टळल्यावर. तोरण्यामागून ढग उठावा, घटकाभर कोसळावा आणि निघून जावा. हल्लीं मात्र घरोघर एकच वाक्य ऐकूं येतें : “असें पूर्वी कधीं झालें नाहीं!” त्या वाक्याची थोडी परीक्षा करावी म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वी झालें आहे, आणि भयंकर झालें आहे. ३० एप्रिल १८८८ रोजीं उत्तरेंत मुरादाबादेजवळ गारांच्या माऱ्यानें २४६ माणसें मृत्युमुखीं पडलीं. आमच्या पुण्याचा पारा ३० एप्रिल १८९७ रोजीं ४३.३ अंशांवर चढला होता. त्यानंतर १२२ वर्षांनीं, २८ एप्रिल २०१९ रोजीं, तो ४३ अंशांस पोंचला, तेव्हां सर्वांस ती अपूर्व गोष्ट वाटली. मनुष्याची स्मृति चाळीस-पन्नास वर्षांपलीकडे जात नाहीं. वेधशाळेची वही जाते.

परंतु २०१४ सालच्या फाल्गुनांत जें घडलें त्यास त्या वहींतही सहज जोड सांपडणार नाहीं. एखाद्या दिवशीं गारा पडणें निराळें. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत त्या आज या जिल्ह्यांत, उद्यां त्या जिल्ह्यांत पडत राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोठेंच उसंत नव्हती. हातीं आलेला गहूं लोळला, हरभरा झडला, द्राक्षांचे मांडव भुईसपाट झाले. असें एकसारखें कां व्हावें? त्याचें कारण शोधावयास मान बरीच उंच करावी लागते.

सुमारे बारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याची एक नदी वाहते. तिला शास्त्रज्ञ जेट स्ट्रीम, म्हणजे झोतवारा, म्हणतात. विषुववृत्ताकडील तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते. पृथ्वीच्या परिवलनामुळें ती पूर्वेकडे वळते आणि अखेरीस ताशीं दीडशें किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगानें पश्चिमेकडून पूर्वेकडे धांवूं लागते. हिवाळ्यांत या नदीचा मार्ग हिमालयाच्या दक्षिणेस, उत्तर हिंदुस्थानावरून जातो. नदीस जशीं वळणें असतात तशीं हिलाही असतात. एखादें वळण खालीं दक्षिणेकडे झुकलें म्हणजे वरची थंड हवा आपल्या माथ्यावर येते. खालीं जमीन तापलेली, त्यांत समुद्राकडून बाष्प आलेलें. मग ढग उंच उंच चढतात, जलबिंदु गोठतात, त्यांवर बर्फाचे थर चढतात, आणि शेतकऱ्याच्या उभ्या पिकावर गारा कोसळतात. वळण एकाच जागीं रेंगाळलें कीं हा प्रकार दिवसचे दिवस चालतो.

या वाऱ्याच्या शोधाची कथाही मौजेची आहे. जपानांतील ओइशी वासाबुरो यांनीं फुगे सोडून तो मोजला आणि १९२६ सालीं आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेंत प्रसिद्ध केला. साऱ्या जगास तो वाचतां यावा म्हणून! तो कोणीच वाचला नाहीं. भाषाशिक्षकास याचें वाईट वाटल्यावांचून राहत नाहीं. पुढें पावसाळ्यांत आपल्या द्वीपकल्पावरून उलट दिशेनें, पूर्वेकडून पश्चिमेकडे, वाहणाऱ्या झोतवाऱ्याचें वर्णन आपल्याच हवामानखात्यांतील कोटेश्वरम् यांनीं १९५८ सालीं केलें. भास्कराचार्यांनीं आवह-प्रवहादि सात वायु सांगितले आहेत, म्हणून कित्येक मंडळी “हें सर्व आमच्याकडे होतेंच” असें म्हणतात. प्रवह वायु नक्षत्रचक्र फिरविण्यासाठीं कल्पिलेला आहे; त्याचा गारांशीं संबंध जोडणें म्हणजे आचार्यांचा गौरव नव्हे.

तसेंच प्रत्येक अवकाळीचें खापर या झोतवाऱ्यावर फोडणेंही बरोबर नाहीं. २०२५ सालीं पावसानें २५ मे रोजींच महाराष्ट्रांत पाऊल टाकलें आणि दुसऱ्या दिवशीं तो पुण्यास पोंचला. त्या वेळीं कोंकण किनाऱ्यालगत अरबी समुद्रांत हवेचा दाब उतरला होता, हें एक निकट कारण. आमचे धाकटे बंधु गुंजवणीकांठची वडिलोपार्जित भातखाचरें पाहतात. मे महिना सारा भिजण्यांत गेला. भाजावयाचा राहिलेला राब ओला झाला, वाफसा मिळेना, रोप टाकावें कोठें? रोहिणी नक्षत्र लागतें न लागतें तोंच खाचरांत पाणी. ते आम्हांस म्हणाले, “अण्णा, तुमच्या पुस्तकांतला वारा कोठेंही वाहो, मीं रोहिणींत टाकूं कीं मृगाची वाट पाहूं, एवढें सांगा.”

या प्रश्नास पंचांगाजवळ उत्तर नव्हतें, आणि आमच्याजवळही नव्हतें. सर्वांनीं बसून ठरविलें कीं यापुढें बियाणें एकदम टाकावयाचें नाहीं. अर्धें रोहिणींत, अर्धें मृगांत. मेच्या मध्यास वेधशाळा केरळांतील आगमनाचा अंदाज जाहीर करते. तो वर्तमानपत्रांत वाचून होईपर्यंत इंद्रायणीचीं पोतीं माळ्यावरून खालीं येत नाहींत.