नोव्हायहून नदीकाठाने सायकलवर



आम्ही राहतो ते मिशिगनमधलं गाव नोव्हाय. इंग्रजीत लिहिलेलं नाव पाहून आपली मंडळी 'नोव्ही' म्हणतात, मग आम्ही दुरुस्त करतो. जुन्या टोलनाक्याचा रोमन आकडा सहा, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. पण नाव 1832 चं आणि टोलचा रस्ता नंतरचा, तेव्हा ही गोष्ट नुसती ऐकायला छान!

इथल्या रूज नदीची मधली शाखा नोव्हायहून खाली नॉर्थव्हिल, प्लिमथ, लिव्होनिया, वेस्टलँड करत डिअरबॉर्नकडे जाते. नॉर्थव्हिलपासून तिच्या काठाने हाइन्स ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे, बाजूला सायकलवाट. उन्हाळ्यात शनिवारी ह्या रस्त्याचा काही भाग मोटारींना बंद ठेवण्याची पद्धत अनेक वर्षांची आहे. मुलांनी हट्ट धरला, "शनिवारीच जाऊ, गाड्या नसतात!"

मामा म्हणाले, "रस्ता शब्बाथ पाळतो आणि आपण सायकली दामटायच्या?"

म्हणून रविवारी निघालो. मामांचं वय त्र्याहत्तर. बरोबर चपाती, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी.

नोव्हाय म्हणजे मोठी नवी घरं, मॉल, देशी किराणा, पंधरा मिनिटांवर इडली. नॉर्थव्हिलला पोहोचलो की घरं जुनी, लाकडी, व्हरांड्यांची. तिथून वाट झाडीत शिरते. चढ फारसा नाही. पाऊस जोराचा झाला की नदी रस्त्यावर येते आणि रस्ता बंद करतात. आमच्या आईला रोह्याची कुंडलिका आठवली. पण कुंडलिकेचं पात्र कुठे आणि ही कुठे! काही ठिकाणी पोरं दगडावरून उडी मारून पार होतील एवढीच.

ह्याच लहानशा पाण्यावर हेन्री फोर्डने छोटे कारखाने काढले होते. नॉर्थव्हिलला मोटारीचे व्हॉल्व्ह बनत. फिनिक्स मिलमध्ये 1922 पासून बायका काम करत. वेस्टलँडची नॅन्किन मिल तर त्याआधी पिठाची गिरणी होती. शेतकऱ्याने हंगामात शेती करावी, एरवी कारखान्यात यावं, अशी त्याची कल्पना.

फिनिक्स मिलपाशी मामांनी सायकल उभी केली. धाकटीने विचारलं, "फोर्ड चांगला होता का?"

मामा जरा वेळ गप्पच. मग म्हणाले, "त्याचं डिअरबॉर्नला एक वर्तमानपत्र होतं. 1920 पासून त्यात आपल्या लोकांविरुद्ध वाट्टेल ते खोटं छापत. एका यहुदी वकिलाने कोर्टात खेचलं, तेव्हा 1927 साली माफी मागितली आणि पेपर बंद केला. तोवर ते लिखाण पुस्तकं होऊन जर्मनीत पोचलं होतं."

"मग तुम्ही मोटारीच्या कारखान्यात का गेलात?"

"पोटासाठी, बाळ."

कारखाना दुसरा होता, पण गोष्ट आम्हांला ठाऊक आहे. मामा 1976 साली आले. शनिवारची पाळी नको म्हणाले, तर साहेबाने दोन वर्षं रात्रपाळी दिली. मामांनी ती केली. कोकणात आपल्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी आपला घाणा बंद. मामींना मात्र ही गोष्ट अभिमानाची वाटत नाही. "दोन वर्षं पोरांनी बाप झोपलेलाच पाहिला," म्हणतात. त्यांचंही खरं.

पुढे न्यूबर्ग तलाव लागला. 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या तळाचा विषारी गाळ काढला. आता तिथे बगळे उभे असतात. बाकावर बसून चपात्या संपवल्या. नॅन्किन मिलला मामांचे गुडघे बोलू लागले, तेव्हा सायकली गाडीवर चढवून पुढचं अंतर गाडीने केलं. घरं लहान होत गेली, अंगणं जवळ आली, आणि डिअरबॉर्नला दुकानांच्या पाट्या अरबीत. पोरांना हिब्रूची सवय, तीही उजवीकडून वाचायला लागली आणि फसली.

एका बेकरीत तीळ-झातर लावलेल्या गरम रोट्या निघत होत्या. मामांनी आधी विचारलं, "तेल कसलं?"

बेकरीवाला म्हणाला, "ऑलिव्हचं. गावाकडून येतं."

मामांनी बोटाला लावून चाटून पाहिलं. मग डझनभर बांधून घेतल्या. नोव्हायला पोचेपर्यंत चार उरल्या होत्या.