माझ्या मापाची येझदी

येझदीला किक आणि गिअरसाठी दांडा एकच असतो. इंजिनाच्या डाव्या अंगाचा हा दांडा आत दाबून उभा फिरवला की त्याची किक होते. गाडी सुरू झाली की तो पुन्हा पुढं पाडायचा, मग तोच गिअर. शिवाय गिअर टाकताना दांड्याच्या हालचालीनंच आतला क्लच सुटतो, त्यामुळं हातातली लिव्हर दाबली नाही तरी गिअर पडतो. ही रचना चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कारखान्याची. रुस्तम इराणींनी १९६० साली म्हैसूरला आयडियल जावा कंपनी काढली, तिथून ती आपल्या रस्त्यांवर आली, आणि १९७३पासून टाकीवर जावाच्या जागी येझदी हे नाव दिसायला लागलं. एकाच तुकड्याकडून दोन कामं करून घ्यायची आणि चालवणाऱ्याला थोडं शिकायला लावायचं, हे मला फार आवडतं. चालवणारा शिकेल असा भरवसा त्यात आहे.

आमची येझदी सत्तरच्या दशकाच्या अखेरची. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ती जुनीच घेतली. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. ऑइल इंजिनांचे भाग, पंपांचे शाफ्ट, भट्टीतून आलेलं ओतकाम, सगळं त्यांच्या लेथवरून जायचं. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली ज्या गावात स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला, त्या गावात माणसाला वस्तू विकत घेण्याआधी ती आपल्याला करता येईल का, हा विचार सुचतो. आबांनाही तो सुचायचा. पेट्रोल कॉकची चिमणी मोडली, त्यांनी पितळेची केली. चोकचा गोळा हरवला, पितळेचाच दुसरा कातला, बोट घसरू नये म्हणून त्यावर नर्लिंग मारलं. मागं लोखंडी कॅरिअर चढवला आणि त्यात सागाची फळी बसवली, कारण दुपारी गिऱ्हाइकाकडं जॉब पोचवायचे असायचे आणि मशिनिंग केलेल्या पृष्ठाला लोखंड घासलं तर काम वाया.

मी लहान असताना टाकीवर बसायचे. आबांचे दोन्ही हात माझ्या दोन्ही बाजूंनी हँडलकडं गेलेले आणि खाली सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, त्यामुळं दोन्हीकडून तो भरीव आवाज. आई मागं, एका बाजूला पाय सोडून, साडीचा पदर कमरेला खोचून. मोठी झाल्यावर टाकी सुटली आणि मी मागं आले, आईसारखीच एका बाजूला. भावाला दहावीनंतर आबांनी पेटाळ्याच्या मैदानावर गाडी शिकवली. मला कुणी नको म्हटलं नाही. विचारावं हे मला सुचलं नाही, आणि शिकवावं हे घरात कुणाला सुचलं नाही. तेव्हाच्या कितीतरी घरांत असं झालं असेल, कुणाच्याही दुष्टाव्याशिवाय.

पण रविवारी आबा गाडी उघडायचे तेव्हा बॅटरी धरायला मी असायचे. भाऊ क्रिकेटला गेलेला असायचा. दहा-अकराचा पाना, चौदा-पंधराचा, प्लगचा, फिलर गेज. हात पुढं आला की त्यात काय ठेवायचं हे मला न सांगता कळायला लागलं. पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर, पट्टी सरकली पाहिजे पण किंचित धरून. आबा म्हणायचे, “डोळ्यानं बघू नको, बोटाला काय लागतंय ते सांग.” पुढं मी गणिताची शिक्षिका झाले, इचलकरंजीला सासरी गेले, नोकरी केली, मुलगी वाढवली. बोटाला काय लागतंय, हे मात्र विसरले नाही.

नव्वदच्या दशकात घरात चार-स्ट्रोकची गाडी आली. ती कमी पेट्रोल पीत होती, तेल मिसळायला लागत नव्हतं, आणि आबांची पाठही दुखत होती. म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला ती बातमी आबांनी वर्तमानपत्रातून मोठ्यानं वाचली आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन ताडपत्री नीट केली. मग कितीतरी वर्षं ती गाडी तिथंच होती, बेंच व्हाइसच्या शेजारी. आबा गेल्यावर भावानं विचारलं, “भंगारात घालू का?” मी नको म्हटलं. आरसी बुकावर वारसानं माझं नाव लावून घेतलं, त्यासाठी एकतीस नंबरचा फॉर्म भरला. निवृत्त होऊन आईजवळ राहायला आले तेव्हा पहिलं काम शेडला नवा दिवा लावण्याचं केलं.

पिस्टन धरला होता. प्लगच्या भोकातून डिझेल आणि रॉकेल सोडून ठेवायचं, रोज थोडा दांडा दाबून बघायचा, जोर करायचा नाही. एके सकाळी तो तसूभर खाली गेला आणि मी तिथंच स्टुलावर बसले, पाय लटपटत होते म्हणून.

दोन-स्ट्रोकचं इंजिन घरच्या शेडसाठीच जन्माला आलंय असं मला वाटतं. त्याला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टन स्वतःच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडतो आणि झाकतो. वर जाताना खाली क्रँककेसमध्ये पोकळी होते, कार्बोरेटरमधून पेट्रोल, तेल आणि हवा तिथं ओढली जाते. खाली येताना तोच माल दाबला जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढतो आणि जळलेला धूर बाहेर ढकलतो. म्हणजे क्रँककेस हा निव्वळ डबा नाही, तो पंप आहे, आणि पंपाला गळती चालत नाही. क्रँकच्या दोन टोकांना रबराची दोन ऑइल सील असतात, किंमत अगदी किरकोळ, पण सगळा श्वास त्यांच्यावर. उजव्या, डायनामोच्या बाजूचं सील गेलं तर फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन उगाच पळतं आणि तापतं. डावं, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं आणि मागं पांढऱ्या धुराचा लोट निघतो. माझ्या गाडीची दोन्ही सील वाळून दगड झाली होती. ती बदलायची तर इंजिन दोन फाकांत उघडावं लागतं. उघडलं.

आत गेल्यावर मग सगळंच बघावं लागलं. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. भिंतीवर उभे ओरखडे होते. उद्यमनगरात आबांच्या ओळखीचे एक मेस्त्री अजून बोरिंग-होनिंग करतात. त्यांनी बोअर गेज फिरवलं आणि म्हणाले, “ताई, पन्नासचा ओव्हरसाइज घाला, पंचवीसवर रेघ जायची न्हाई.” पन्नास म्हणजे अर्धा मिलिमीटर. पिस्टन आधी आणायचा आणि त्याच्या मापाला सिलिंडर कातायचं, उलटं नाही, हा तिथला नियम. क्रँकला नवा कनेक्टिंग रॉड बसवला, त्या दिवशी मी मुद्दाम थांबले. प्रेसवर पिन दाबून बसवल्यावर क्रँक दोन टोकांवर टेकवून हळूहळू फिरवतात आणि डायल गेजचा काटा किती डोलतो ते पाहतात. मग तांब्याचा हातोडा, एक ठोका, पुन्हा काटा. आणखी एक, हलका. काटा थाऊभरही, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाइतकाही, हलायचा थांबेपर्यंत मेस्त्री कुणाशी बोलले नाहीत. लेथवर चकमध्ये जॉब धरताना आबांचा चेहरा असाच व्हायचा.

इंजिन जुळल्यावर खरा प्रश्न समोर आला: गाडी कशी दिसली पाहिजे? जुन्या गाड्यांची आवड असलेल्या माणसांचं मत पक्कं असतं. कारखान्यातून निघाली तशीच करायची, स्क्रूसुद्धा तेव्हाच्याच डोक्याचे. कायद्यालाही त्या निष्ठेची कदर आहे; २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनं आणि मूळ रूपात राखलेलं वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळं नोंदवता येतं. मी त्या माणसांचा आदर करते. त्यांच्यामुळंच आज या गाडीचे सुटे भाग नव्यानं बनतात आणि मिळतात. पण माझ्या गाडीबाबत मला ते पटेना. पितळेचा चोक काढून प्लॅस्टिकचा गोळा लावायचा? सागाची फळी टाकून द्यायची? कारखान्यानं गाडी तयार केली तो एक दिवस, आणि त्यानंतर आबांनी ती वापरली ती वर्षं. त्या एका दिवसासाठी ही सगळी वर्षं पुसायची, हा हिशेब मला मान्य नाही. आबांनी केलेलं सगळं ठेवायचं आणि त्यापुढं, आता चालवणार मी आहे तर माझ्या मापाला जे लागेल ते करायचं, असं ठरवलं.

बदलाला मर्यादा आहेत आणि त्या असाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदींशी विसंगत असा फेरबदल करता येत नाही. इंजिन, चासी बदलायची नाही. रंग बदलला तर तो नोंदवावा लागतो, म्हणून रंग बुकात होता तोच ठेवला, काळा. टाकीवरची सोनेरी रेघ मात्र हातानं ओढून घेतली. सिनेमाचे बॅनर रंगवण्यात तारुण्य गेलेले एक पेंटर शाहूपुरीत राहतात. खारीच्या केसांचा लांब ब्रश, करंगळी टाकीच्या कडेला टेकवलेली, आणि एका श्वासात अख्खी कमान. दुसऱ्या बाजूची रेघ पहिलीहून केसभर जाड आली. “पुसून पुन्हा मारू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या. हात दिसतो त्यात.

माझी उंची पाच फूट एक इंच. सीटचा फोम पुढून कापून निमुळता केला, म्हणजे मांड्या आत येतात आणि पाय जमिनीला पुरतो. नुसता वरून फोम कमी केला असता तर हाडं दुखली असती. हँडलचा पाइप वाकवून टोकं माझ्याकडं आणली. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हर मला लांब पडायच्या. आबांच्या वहीत एका जुन्या लिव्हरचं रेखाचित्र होतं, त्यावरून मेस्त्रींकडून आखूड बाकाच्या करून घेतल्या. घाटात सहा व्होल्टचा दिवा पणतीइतकाच उजेड देतो, म्हणून वायरिंग बारा व्होल्टचं केलं. मुख्य स्टँडवर गाडी चढवायला ताकद लागत नाही, पाय कुठं द्यायचा हे कळावं लागतं. तरी मी साइड स्टँड भक्कम करून घेतला. साखळीवरचं बंद कव्हर मात्र जसंच्या तसं बसवलं. कित्येकांनी ते काढून फेकलं, आणि मग आपल्या धुळीत साखळ्या लवकर खल्लास झाल्या.

आणि साडी गार्ड. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं काही तरी दुचाकीला असलंच पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियमच आहे, मागं बसणाऱ्याचा कपडा चाकात जाऊ नये म्हणून. हौसेनं गाड्या बदलणारी पोरं पहिल्यांदा तेच काढतात, लूक बिघडतो म्हणून. आमचं गार्ड वाकलं होतं, गंजलं होतं. मी सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावर घालवला. सळ्या एकेक सरळ केल्या, दोन नव्या वेल्ड केल्या, पुन्हा निकेल चढवून घेतलं. आईची कितीतरी वर्षं त्या सळ्यांच्या बाजूला गेलीत. जत्रेला, लग्नांना, दवाखान्याला. यंत्र करणाऱ्यानं बाईसाठी म्हणून त्या गाडीवर एक जागा ठरवली होती, ती एवढीच. ती मला मोडायची नव्हती. मला फक्त पुढच्या जागेवर बसायचं होतं.

पासिंगसाठी गाडी नेली तेव्हा निरीक्षकांनी चासी नंबरवर पेन्सिल घासून ठसा घेतला, दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले आणि चालवून दाखवायला सांगितलं. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली. आता दर लिटर पेट्रोलला मापट्यानं तेल मोजून घालते, आबा घालायचे तसं. पन्हाळ्याला जाऊन आले, जोतिबाला जाऊन आले, पावसाच्या आधी गगनबावड्याला जायचंय. माझी मुलगी पुण्याहून आली की दांडा उभा करून किक मारायला शिकते, आणि गाडी सुरू झाल्यावर तो खाली पाडायचं विसरत नाही.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. पहिल्यांदा तिला मागं घेतलं तेव्हा ती सवयीनं एका बाजूला बसली, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा गार्डच्या सळीला. गंगावेशीच्या दूध कट्ट्यापर्यंत गेलो, धारोष्ण दूध प्यायलो आणि रंकाळ्यावरून परत आलो. उतरल्यावर ती म्हणाली, “गाडी चांगली झालीय, पण मागं दणके बसतात बघ. तुझ्या वडलांच्या वेळी एवढे नव्हते.” खरं आहे. तेव्हा तिचं वजन जास्त होतं, आणि मी शॉकअब नवे घातलेत, ते कडक आहेत. मऊ स्प्रिंगांची जोडी उद्यमनगरात करायला टाकली आहे. शनिवारी मिळतील.