लेबल आणि ठसा

आर्टिफॅक्ट म्हणजे सॉफ्टवेअरच्या बांधणीतून तयार होऊन बाहेर पडलेली वस्तू, मग ती जावाची जार फाइल असो, पायथनचे पॅकेज असो, किंवा प्रोग्रॅम आणि तो चालण्यासाठी लागणारे साहित्य एकत्र बांधलेली कंटेनर इमेज असो. सोर्स कोड गिटमध्ये राहतो, तर तयार माल आर्टिफॅक्ट रिपॉझिटरी नावाच्या कोठारात जातो. आणि हे कोठार क्लाउडवर असेल, तर त्यात काय आहे हे विचारण्याचा, नवे ठेवण्याचा व जुने काढण्याचा ठरीव मार्ग म्हणजे त्याचे एपीआय. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील अनेकांचा या कोठाराशी संबंध 'पुश' आणि 'पुल' एवढ्यापुरताच येतो, आणि त्यामागील संकल्पना समजून घेण्याची वेळ बहुधा काही बिघडल्यावर येते. प्रस्तुत लेखकाचा अनुभव याला अपवाद नाही.

गूगलच्या आर्टिफॅक्ट रजिस्ट्रीत प्रत्येक वस्तूचे नाव पत्त्यासारखे लांबलचक असते: आधी प्रोजेक्ट, मग स्थान, मग रिपॉझिटरी, तीत पॅकेज, आणि पॅकेजची आवृत्ती. मुंबईच्या क्षेत्रातील रिपॉझिटरीसाठी स्थानाच्या जागी 'एशिया-साउथ१' लिहावे लागते आणि तेवढा तुकडा चुकला, तर रिपॉझिटरी अस्तित्वात असूनही हाती लागत नाही. विचारणाऱ्याची ओळख टोकनवरून पटते. हे टोकन सर्वसाधारणपणे तासाभरात बाद होते आणि त्यामागील खात्याला वाचण्याची, लिहिण्याची की मिटवण्याची मुभा आहे हे वेगळे तपासले जाते. यादी मागितली तर ती पानापानाने येते व प्रत्येक पानासोबत पुढच्या पानाची खूण मिळते. ही खूण रिकामी येईपर्यंत मागत राहिले नाही, तर यादी अर्धवट राहते आणि तसे कोणी सांगतही नाही.

यांपैकी सर्वांत फसवी संकल्पना टॅगची आहे. इमेजची खरी ओळख म्हणजे तिचा डायजेस्ट, अर्थात इमेजचे वर्णन करणाऱ्या मॅनिफेस्टवरून एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला ६४ चिन्हांचा ठसा, जो आत तसूभर फरक पडला तरी बदलतो. टॅग हे केवळ वरून चिकटवलेले लेबल होय: आज 'लेटेस्ट' एका इमेजवर असते, उद्या नवी इमेज आली की ते तिच्यावर जाते, आणि जुनी इमेज कोठारातच, पण बिनटॅगची होऊन पडून राहते.

अशा बिनटॅगच्या इमेजेस जागा अडवतात म्हणून प्रस्तुत लेखकाने त्या वेचून मिटवणारी एक स्क्रिप्ट लिहिली आणि एका शुक्रवारी संध्याकाळी, शिवाजी चौकातली कोंडी सुटण्याची वाट पाहत कार्यालयात थांबला असता, ती चालवली. पाने नीट वाचली होती, टोकन ताजे होते, तीस दिवसांपेक्षा जुने तेवढेच निवडले होते. टॅग असलेली आवृत्ती मिटवायची तर एपीआय 'फोर्स' अशी स्पष्ट सूचना मागते. बिनटॅगच्या आवृत्तीला मात्र हे संरक्षण नाही. मिटवण्याची विनंती लगेच पूर्ण न होता 'ऑपरेशन' नावाची पावती हाती देते, आणि त्या साऱ्या पावत्या यथावकाश 'झाले' म्हणाल्या.

मंगळवारी एक सर्व्हर बदलला गेला आणि नव्या यंत्राने इमेज मागताच 'इमेजपुलबॅकऑफ' ही, इमेज मिळत नसल्याचे सांगणारी, ओळ पडद्यावर पुन्हा पुन्हा उमटू लागली. ही सेवा टॅगवर विसंबू नये म्हणून, शिस्तीने, थेट डायजेस्ट लिहून चालवलेली होती. त्या इमेजचा टॅग महिन्यापूर्वीच पुढे सरकला होता, त्यामुळे स्क्रिप्टच्या लेखी ती बेवारस ठरली. आधीची यंत्रे आपल्याजवळच्या प्रतीवर चालत राहिल्याने चार दिवस कोणाच्या काही लक्षात आले नाही. मिटवलेली आवृत्ती परत मिळत नाही, आणि त्याच सोर्स कोडपासून पुन्हा बांधलेल्या इमेजचा ठसा वेगळा निघाला, कारण तिच्या तळाशी असलेली पायाभूत इमेज मधल्या काळात अद्ययावत झाली होती. म्हणून रात्रभर चाचण्या पुन्हा घेऊन नवा डायजेस्ट लिहावा लागला. सावधगिरीने वागणाऱ्या सहकाऱ्यांचेच काम अडावे, ही गोष्ट लेखकाला आजही टोचते.

त्यानंतरची स्क्रिप्ट आधी चालू सेवांतील सर्व डायजेस्ट गोळा करते, ते यादीतून वगळते, आणि काहीही न मिटवता केवळ काय मिटवले जाईल एवढे छापते. पहिल्या छापील यादीत शुक्रवारी मध्यरात्रीनंतर १२ वाजून १० मिनिटांनी बांधलेली एक इमेज गुरुवारी १८:४० अशी नोंदलेली दिसली. एपीआयची घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि तीस दिवसांचा हिशेबही त्याच घड्याळावर करायचा असतो, हे तेव्हा कुठे ध्यानात आले.